परीक्षेच्या वर्षातले रविवार

आमच्या लेआउटच्या मागच्या बाजूला केरे होतं. लेआउट म्हणजे वसाहत, केरे म्हणजे तळं. पण आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरात गेल्या, त्यामुळे घरात मराठी बोलतानाही आम्ही केरेच म्हणतो. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा त्यात पाणी आहे हे फक्त ऐकून माहीत होतं. दिसायची ती जलपर्णी, या काठापासून त्या काठापर्यंत. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय छान, घरामागे कुरणच आहे तुमच्या. एकदा गावातलं एक वासरूही तसंच समजून त्या कुरणात शिरलं. त्याला बाहेर काढायला अर्धं गाव लागलं.

गाव म्हणजे केरेच्या पलीकडच्या काठावरचं जुनं खेडं. एके काळी याच केरेच्या पाण्यावर त्यांची भातशेती होती. त्याच शेतांवर आमच्या कारखान्याच्या कामगार सोसायटीचा लेआउट झाला. गावातले लोक आमच्याकडे दूध घालायचे, आम्ही त्यांच्या देवळाच्या जत्रेला वर्गणी द्यायचो, आणि ओळख तिथेच संपायची. आमची मुलं आणि त्यांची मुलं एकत्र खेळताना मी पाहिली नव्हती.

ही नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा अजून नाचणीची शेतं लागत. मी कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात होतो. एक वस्तू बनवायला किती माल, किती माणसं, किती वेळ लागतो याचा हिशेब करणं हे माझं काम. लेआउटमधल्या रहिवाशांच्या असोसिएशनच्या बैठकीत डासांबद्दल नेहमीप्रमाणे तक्रारी चालल्या होत्या. जलपर्णी काढा म्हणून अर्ज करून दोन वर्षं झाली, कुणी येत नाही, असं सेक्रेटरी सांगत होते. मी म्हणालो की दर रविवारी इतकी धडधाकट मुलं घराघरांत लोळत असतात, तीन तास हातभार लावला तर निम्मं केरे आपणच मोकळं करू. आमच्या असोसिएशनमध्ये जो बोलतो त्यालाच ते काम मिळतं. त्या दिवसापासून ते माझं झालं.

मुलं गोळा करणं जलपर्णी उपटण्याइतकंच चिवट काम निघालं. दर शनिवारी संध्याकाळी मी घरोघरी जायचो. आया विचारायच्या, साप आहेत का, पाणी किती खोल, ताप आला तर कोण बघणार. मी सगळ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायची सोय केली, रबरी हातमोजे आणले, आणि कंबरेपेक्षा खोल पाण्यात कुणी जायचं नाही असं ठरवलं. काम झाल्यावर आळीपाळीने एका घरातून गरम पाणी, साबण आणि लिंबू पिळलेला फोडणीचा भात, म्हणजे चित्रान्न, यायचं. खरं सांगायचं तर पहिल्या काही रविवारी मुलं त्या चित्रान्नासाठीच आली.

पण गाडं खऱ्या अर्थाने चालू लागलं ते एका मुलीमुळे. ती गावातली. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती, पण मध्ये एक वर्ष शिक्षण थांबलेलं, त्यामुळे आमच्या मुलांपेक्षा मोठी. आमची धडपड ती दोन रविवार बांधावर उभी राहून बघत होती. तिसऱ्या रविवारी माझ्याकडे आली आणि कन्नडमध्ये म्हणाली, “अंकल, तुम्ही एकेक झाड उपटत बसलात तर तुमची नातवंडं येऊन संपवतील.” मग तिने गावातून जाड दोर मागवला. दोन टोकांना दोन गट उभे केले, जलपर्णीच्या एका भल्यामोठ्या तुकड्याला दोराचा वेढा घालायला लावला आणि गादी ओढावी तसा तो तुकडा काठाला ओढून आणला. गावात विहिरीतलं शेवाळ असंच काढतात म्हणे. आमची मुलं बघत राहिली, आणि मग दोराला झोंबली.

पुढच्या रविवारी तिच्याबरोबर गावातली सात मुलं आली. तिने कुणातरी मामाला गळ घालून ट्रॅक्टरची ट्रॉलीही मिळवली. काढलेली जलपर्णी काठावर सोडली की पावसाने परत पाण्यात जाते. ती वाहून न्यावीच लागते. ट्रॉलीची सोय मला लेआउटमधून कधीच करता आली नसती. माझा मुलगाही तेव्हा पहिल्या पीयूसीला होता. ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर फळी बांधून त्याने एक तराफा केला होता. ती त्याला ‘कॅप्टन’ म्हणायची, आणि तराफा उलटला की ‘माजी कॅप्टन’.

माझी हिशेबाची खोड तिथेही सुटली नाही. मी बांबूची एक चौकट पाण्यावर तरंगती सोडली आणि तिच्यातली झाडं मुलांकडून दर रविवारी मोजून घेतली. जलपर्णी किती वेगाने वाढते ते कळलं, आणि एक माणूस तीन तासांत किती काढतो तेही माहीत होतं. त्यावरून निघालं की सोळा माणसं आली तर आपण जागच्या जागी राहतो. सोळाच्या वर जितकी, तितकं केरे मोकळं होतं. सोळाच्या खाली आलो तर जलपर्णी जिंकते. आमच्याकडे नेमाने येणारी चोवीस मुलं होती. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत देवळाच्या बाजूचं निम्मं केरे मोकळं झालं. उरलेली जलपर्णी इकडे सरकू नये म्हणून मध्ये बांबूंचा अडसर बांधला. पाणी दिसलं. बदकं आली. गावातल्या म्हाताऱ्या बायका देवळाच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसू लागल्या.

आणि त्याच दिवाळीनंतर मी तो नियम केला.

माझा मुलगा आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात होता. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सीईटी होती. सहामाहीत त्याला फिजिक्समध्ये अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले. कारखान्यात माझ्या टेबलाभोवती बसणाऱ्या सगळ्यांची मुलं त्या वयाची होती, आणि डब्याच्या वेळेला दुसरा विषय नसायचा. कुणाचा मुलगा पहाटे किती वाजता उठतो, कुणी टीव्हीची केबल कापून टाकली. मी घाबरलो. रविवारचे तीन तास, त्यानंतरची आंघोळ, जेवण आणि झोप मिळून सहा तास, असा मी हिशेब केला, आणि ते सहा तास मला हवेसे वाटले.

पण दर शनिवारी दुसऱ्यांच्या दारात जाऊन त्यांची मुलं मागायची आणि आपला मुलगा घरात ठेवायचा, हे कसं जमावं? बायकोने तेच विचारलं. तिला मुलाने अभ्यास करावा असंच वाटत होतं. फक्त त्याला उघडपणे घरी ठेवा आणि लोकांना तसं सांगा, असं तिचं म्हणणं. ते मला जमलं नाही. मी सरसकट नियम केला. दहावी आणि दुसरी पीयूसी या परीक्षेच्या वर्षांतल्या मुलांनी केरेच्या कामाला येऊ नये. असोसिएशनच्या बैठकीत मी तो मांडला तेव्हा पालकांनी माना डोलावल्या. एक आजोबा म्हणाले की असा विचार करणारी माणसं हल्ली कुठे मिळतात. घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, एका पोराला झाकायला सहा जणांवर पांघरूण घातलंत.”

सहा हा आकडा बरोबर होता. परीक्षेच्या वर्षात सहा जण होते. चोवीस वजा सहा, अठरा उरतात. सोळा लागतात. म्हणजे नियम परवडतो, असं मी काढलं होतं. इतका हिशेब करून मी तो नियम केला, हे मी विसरू शकत नाही. नकळत झालं असतं तर वेगळं होतं.

त्या सहांत ती मुलगी होती. नियम ऐकला तेव्हा ती हातमोजे धूत होती. ती म्हणाली, “अंकल, मला सीईटी नाही. मी कॉमर्सला आहे.” मी म्हणालो की नियम सगळ्यांना सारखा असला पाहिजे, एकीला सूट दिली तर बाकीचे विचारतील. हे वाक्य मी कारखान्यात अनेकदा वापरलेलं होतं. तिने हातमोजे झटकून दोरीवर टाकले आणि सरी म्हणाली. सरी म्हणजे ठीक आहे. त्यात होकार असतोच असं नाही, हे कन्नडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी अठरा यायला हवे होते. अकरा आले. गावातली सातही मुलं आली नाहीत, कारण ती माझ्यासाठी किंवा केरेसाठी येतच नव्हती. ती त्या मुलीबरोबर, त्यांच्या अक्काबरोबर येत होती. अक्का नाही म्हटल्यावर त्यांच्या आयांनी पाठवलं नाही. ट्रॉलीही आली नाही. मामा भाचीचे होते, असोसिएशनचे नव्हते. मी माणसं मोजली होती, पण कोण कुणाबरोबर येतं हे मोजलं नव्हतं. कॉस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाने ही चूक करावी.

मी गावात जाऊन त्या मुलांना बोलावून पाहिलं. दारातून एक बाई म्हणाली की परीक्षा होऊ दे ना सार, तुमचाच नियम आहे. तिचा मुलगा तिसरीत होता.

मुलांनी त्या नियमाला नावही ठेवलं होतं. मला ते बरंच उशिरा कळलं. माझ्या मुलाच्या नावाने ती त्याला ओळखत. कुणी उशिरा आलं किंवा काम टाळू लागलं की बाकीची विचारत, का रे, तुला पण तो नियम लागला का?

संक्रांतीपर्यंत जलपर्णीने बांबूचा अडसर दोन ठिकाणी ओलांडला. वाऱ्याने हिरवे तुकडे सुटून देवळाच्या पायऱ्यांकडे येऊ लागले. अकरा मुलं जीव तोडून ओढत होती, काठावर ढीग साचत होता, आणि आठवड्यात पुन्हा तेवढंच. चौकटीतली झाडं मोजणं मी बंद केलं. मुलांना सांगितलं की आता त्याची गरज नाही. गरज कशी नव्हती? उत्तर मला माहीत होतं, आणि त्यांना ते दिसू नये असं मला वाटत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ती आमच्या घरी आली. बरोबर धाकटा भाऊ होता, कारण एकटीने लेआउटमध्ये यायची तिला परवानगी नव्हती. हॉलमध्ये माझा मुलगा टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत होता. मी त्याला तासाभराची मोकळीक दिली होती, पण तो तास कधीच संपून गेला होता. बायकोने तिला पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि जे सांगायचं ते तिने सरळ सांगितलं.

रविवारी केरेवर यायला तिच्या वडिलांनी परवानगी दिली होती ती माझ्यामुळे. लेआउटमधले वयस्क सार स्वतः उभे असतात, म्हणून. कॉलेज सोडलं तर घराबाहेर पडायची ती एकच जागा होती तिला. नियम झाल्यावर वडील म्हणाले, बघ, सारसुद्धा हेच सांगतात, बस घरी. आता रविवारी घरी पाहुणे येत होते, तिला बघायला. पीयूसी झाल्यावर डिग्रीला घालायचं की लग्न करायचं, याबद्दल घरात बोलणं चालू होतं, आणि त्या बोलण्यात तिला धरलेलं नव्हतं. मी एकदा वडिलांशी बोलावं एवढंच तिला हवं होतं.

मी म्हणालो, परीक्षा अगदी जवळ आली आहे, ती होऊ दे, मग नक्की बोलतो.

“परीक्षेनंतर मला कुणी पाठवणार नाही, अंकल,” ती म्हणाली. “जेवढे रविवार आहेत ते आत्ताचेच आहेत.”

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा बघू म्हणालो असेन. ती उठली. दाराकडे जाताना ती टीव्हीपाशी क्षणभर थांबली आणि माझ्या मुलाला विचारलं, “कॅप्टन, स्कोअर किती झाला?”

त्याने मान वर न करता सांगितला. तिने ऐकून घेतला आणि भावाचा हात धरून गेली. मुलगा उठला, टीव्ही बंद केला आणि आपल्या खोलीत गेला. त्या संध्याकाळी तो जेवायला आला नाही.

दोन दिवसांनी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून यशवंतपूरला गेलो. तिचे वडील तिथल्या घाऊक बाजारात कांद्याच्या अडतीवर होते. ते पहाटे लॉरीने जात आणि रात्री परतत. गावात, चार लोकांदेखत बोलण्यापेक्षा तिथे बरं, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर गावात बोलायचं धैर्य नव्हतं. बाजारात कांद्याच्या पोत्यांच्या थप्प्या, हमालांची हाकाहाक, सगळीकडे उडणारा सालपटांचा लाल कचरा. ते मला बघून गोंधळले. आधी त्यांना वाटलं कुणी वारलं. मग एका पोत्यावर रिकामं गोणपाट टाकून मला बसवलं आणि काफी मागवली.

मी मुलीचं कौतुक केलं. तिच्याशिवाय काम अडलंय हे सांगितलं, ट्रॉलीचं सांगितलं. ते मान डोलावत राहिले आणि म्हणाले की परीक्षा मोठी. तुम्ही नियम केलात ते उत्तम केलंत, मी गावात सगळ्यांना सांगितलं, शिकलेली माणसंसुद्धा असंच करतात. तेव्हा मी म्हणालो की तो नियम तुमच्या मुलीसाठी नव्हता.

“मग कुणासाठी होता, सार?”

त्यांच्या विचारण्यात काही खोच नव्हती. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. सबंध गावाला, लेआउटमधल्या लहान मुलांना माहीत होतं, आणि पहाटे जाऊन रात्री येणाऱ्या या माणसाला तेवढं कळलेलं नव्हतं. मी म्हणालो, “माझ्या मुलासाठी. त्याला घरी ठेवायचा होता, आणि एकट्याला ठेवणं बरं दिसलं नसतं.”

ते हसले. हसणं चांगल्या मनाचं होतं. “एवढंच ना? तुम्ही तुमच्या मुलासाठी केलंत, मी माझ्या मुलीसाठी केलं. बाप म्हणून आपण दोघंही बरोबर.”

ते मला माफ करत होते, आणि मला ते नको होतं. मला त्यांच्या रांगेत बसायचं नव्हतं. मी त्यांच्याहून वेगळा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मी म्हणालो की मी नियम मागे घेतो, तुम्ही मुलीला पाठवा. ते काफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, “आधी तुमच्या घरी मोडा, सार. मी बघेन. मग माझ्या घरी.”

परत येताना बसमध्ये मला जागा मिळाली नाही. उभ्याउभ्या मी बायकोला काय सांगायचं याची तयारी करत होतो, पण बायकोने ऐकून फक्त इतकंच विचारलं की मुलाला कोण सांगणार. मीच सांगितलं. तो म्हणाला, “नियम गेला म्हणून मी येऊ? तो कुणाचा होता हे सगळ्यांना माहीत आहे, अण्णा. मी कुठल्या तोंडाने येऊ?” तेव्हा मला नियमाचं नाव कळलं. त्याने ते तीन महिने कॉलेजात, बसस्टॉपवर, सगळीकडे ऐकलं होतं, आणि घरी एकदाही बोलला नव्हता. त्याच्या अभ्यासासाठी मी त्याचे सहा तास वाचवले होते. त्या तासांत तो काय करत होता? पुस्तक उघडं ठेवून खिडकीतून केरेकडे बघत होता, हे त्याच्या आईने मला नंतर सांगितलं. तेही मला माहीत नव्हतं.

रविवारी तो आला. माझ्याबरोबर नाही, माझ्या बराच मागून. मी मुलांसमोर नियम रद्द केला आणि तो माझ्या घरच्या सोयीसाठी होता, हेही सांगितलं. मुलांना याचं काही नवल वाटलं नाही. एक मुलगा मागून म्हणाला, आता नवीन नियम कुणाच्या नावाचा? आणि सगळी हसली. माझा मुलगाही हसला. मग तो तराफा शोधायला गेला. एक ट्यूब फुटली होती.

तासाभराने पलीकडच्या बांधावरून ती येताना दिसली, मागे सात मुलं. त्यांच्याही मागे तिचे वडील, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. बाजाराला सुट्टी होती. ते देवळाच्या पायरीवर बसले आणि काम संपेपर्यंत बसून राहिले. मी दोनदा त्यांच्याकडे जाऊन उभा राहिलो. ते केरेबद्दल बोलले, लहानपणी इथे पोहायला शिकल्याचं बोलले. मुलीबद्दल बोलले नाहीत. ती दोराच्या पुढच्या टोकाला होती आणि सगळ्यांवर ओरडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं तिला वेळ नव्हता.

असे तीन रविवार मिळाले. त्यात आम्ही जलपर्णी पुन्हा अडसराच्या पलीकडे ढकलली. मग परीक्षा आल्या. परीक्षेनंतर ती म्हणाली होती तसंच झालं. तिला डिग्रीला घातलं नाही. मी अजून दोनदा तिच्या वडिलांशी बोललो. दोन्ही वेळा त्यांनी मला आदराने बसवलं, काफी दिली. पुढे मी गेलो नाही. जायला हवं होतं, हे लिहितानाही वाटतं.

मुलाला इंजिनिअरिंगची जागा मिळाली. ते रविवार घरी ठेवले म्हणून मिळाली, की तशीही मिळाली असती? ही वजाबाकी मी किती वेळा मांडून पाहिली. होत नाही. एका बाजूला त्याचे गुण आहेत. दुसऱ्या बाजूला जे आहे त्याला कुठलंच माप नाही. दिवाळीपासून मी बाजारात गेलो त्या दिवसापर्यंत तिचे किती रविवार गेले ते मी मोजले आहेत. आकडा इथे लिहीत नाही. तिच्याकडे मुळात किती होते, ते बघता तो मोठा आहे.

पुढच्या वर्षी माघात तिचं लग्न झालं. नवरा कोलारच्या बाजूचा, सरकारी नोकरीतला. गावातल्या देवळामागे मांडव होता, आणि लेआउटमधल्या प्रत्येक घराला बोलावणं आलं. लेआउटमधून इतकी माणसं गावातल्या लग्नाला पहिल्यांदाच गेली. केरेवरची मुलं वाढायला होती, दोन्हीकडची. माझा मुलगाही हॉस्टेलमधून येऊन सांबाराची बादली घेऊन फिरत होता.

तिच्या वडिलांनी मला हाताला धरून वराच्या माणसांपुढे नेलं. माझी ओळख करून देताना ते अभिमानाने म्हणाले की यांच्या हाताखाली आमच्या मुलीने काम केलं, सार शिस्तीचे फार, परीक्षेच्या वर्षात मुलांना कामाला येऊच देत नाहीत. वराचे वडील मला नमस्कार करून म्हणाले की असंच पाहिजे.

मला तिथे गप्प बसता आलं नाही. लग्नघरात बोलायची ती गोष्ट नव्हती, तरी मी बोललो. म्हणालो की तो नियम चुकीचा होता, माझ्या स्वार्थाचा होता, आणि त्यामुळे निम्मं केरे परत जाणार होतं. ते वाचलं ते या मुलीमुळे. दोर तिचा, माणसं तिची, ट्रॉली तिची. तुमच्या गावात केरे असेल तर ते हिच्या हाती द्या, आणि हिला घरी बसवू नका. मी हे सगळं एका दमात म्हणालो असेन, आणि बहुधा जरा मोठ्याने. वराचे वडील नम्रपणे ऐकत होते. सरी, सरी, म्हणाले. नवऱ्या मुलाने तिच्याकडे बघितलं, जणू ही माहिती त्याला नवी होती.

ती त्याच्याशेजारीच मान खाली घालून उभी होती, कपाळावर बाशिंग, हात मेंदीने भरलेले. माझं संपल्यावर तिने मान वर केली. वर्षभरात ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

“सांगून झालं ना, अंकल?” ती म्हणाली. “आता जेवायला बसा. तुमची पंगत उठत आली.”

मी जाऊन बसलो. पान वाढलेलं होतं. गार झालं होतं, पण मी सगळं खाल्लं.